धुऱ्यावरचे सूर



फाल्गुन लागला की जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा उघडा पडतो. पानं गळालेली, कातळ दिसू लागलेला, आणि मध्येच पळसाचा केशरी रंग. गावाबाहेर डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर एक धुरा, म्हणजे शेताचा बांध, आहे. शेजारी कोरडा नाला, काठाला काही पळस, एक काटेसावर, थोड्या बाभळी, टोकाला उंबर. माझं रान एवढंच. अस्वल किंवा बिबट्या दिसेल या आशेनं लोक इथून अंबाबरवा अभयारण्यात जातात, पुढे मेळघाटात जातात. जरूर जावं. मला मात्र आज या धुऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण इथला वसंत डोळ्यांच्या आधी कानाला कळतो.

पळसाच्या फुलाला वास जवळजवळ नसतो. त्याचं बोलावणं रंगाचं आणि मधाचं, आणि ते मुख्यतः पाखरांसाठी. उन्हं वर येण्याआधीच भोरड्यांचा थवा गलका करत उतरतो. या गुलाबी मैना मध्य आशियाकडून हिवाळ्यासाठी आलेल्या असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत निघतात. निघण्याआधीचे काही दिवस त्या आपल्या पळसावर आणि सावरीवर जगतात. मागोमाग कोतवाल येतो, शिंजीर येतो, खारही येते. मध पिऊन उडालेल्या पाखराच्या कपाळावर पराग दिसतात. तेच पराग घेऊन ते पुढच्या झाडावर जातं.

या सगळ्यांत माझा जीव दयाळावर. हिवाळाभर हा काळा-पांढरा पक्षी कुंपणातच असतो, पण फार बोलत नाही. दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात, आणि एका पहाटे तो बाभळीच्या शेंड्यावर बसून गाऊ लागतो. ही जागा माझी आहे, हे इतर नरांना सांगायचं आणि मादीला बोलवायचं, असं त्याचं दुहेरी काम. पहाटेची हवा शांत असते, आवाज लांब जातो.

लहानपणी मी गावातच पेटी शिकायला जात असे. गुरुजी एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा गायचे आणि दर वेळी त्यात काहीतरी हलवायचे, कधी शेवटचा स्वर, कधी मधली थांबायची जागा. आम्ही कंटाळायचो. बढत म्हणजे काय ते मला त्या वर्गात शब्दांनी कळलं होतं, कानाला पटलं ते पुढे दयाळ ऐकताना. तोही एक तुकडा घेतो, थांबतो, पुन्हा घेतो, शेवट बदलतो. मध्येच दुसऱ्या पक्ष्याची नक्कलही मिसळतो.

उन्हं तापली की उंबरावरून तांबट सुरू होतो. टुक, टुक, टुक. दयाळ गप्प झाला तरी याची लय ढळत नाही. जवळ जाऊन पाहा, गाताना त्याची चोच मिटलेली असते आणि गळ्याचा फुगा वर-खाली होत असतो. तो मान इकडे-तिकडे वळवतो, म्हणून आवाज कुठून येतो हे पटकन सापडत नाही. ठेक्याचा सराव करताना मी खिडकीतून येणारी त्याची लय धरत असे.

कोकिळाचं वेगळं. ‘नारदीय शिक्षा’ या जुन्या संस्कृत ग्रंथात मोराला षड्ज दिला आहे, क्रौंचाला मध्यम, आणि फुलांच्या ऋतूतल्या कोकिळाला पंचम. मी पेटीवर पंचम धरून पाहिला. कोकिळ एका स्वरावर राहत नाही. प्रत्येक कुहू आधीच्यापेक्षा चढी, आणि टोक गाठलं की एकदम शांतता. तरीही मला तो ग्रंथकार फार जवळचा वाटतो. त्यानं स्वरासोबत ऋतू लिहून ठेवला, म्हणजे तो माणूस झाडाखाली उभा राहून ऐकत होता.

ऐकण्यावरून गायक कुमार गंधर्व आठवतात. सातपुडा, नर्मदा, विंध्य ओलांडून गेलं की माळवा. तिथल्या देवासला ते 1948 साली क्षयाच्या आजारात येऊन राहिले. गाणं बंद होतं, कान उघडे होते. माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. त्या धुनांतून त्यांचे धुनउगम राग आले, आणि पुढे ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ हे ऋतूंचे कार्यक्रम. रेडिओवर त्यांचा वसंत लागला की घरातलं बोलणं थांबायचं, हे मला स्वच्छ आठवतं.

आपल्याकडेही ऋतू असाच कानावर येतो. होळीला भिंगारा, चाळीसटापरीकडच्या आदिवासी पाड्यांवर ढोल वाजतात. चैत्र संपून अक्षय तृतीया आली की आपल्याच तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात अठरा धान्यं गोलाकार मांडायची आणि दुसऱ्या पहाटे पावसापाण्याचं भाकीत ऐकायचं, ही परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगतात. त्याच दिवसांत पावशाचा आवाज चढू लागतो, रात्रीसुद्धा. शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची, “पावशा बोलून रायला बाप्पा, वखर काढा आता.”

आणि इथेच मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. वखरणीच्या याच दिवसांत धुरे साफ होतात. नांगराचं एक तास जास्त निघावं म्हणून पळस तोडला जातो, पाचोळा पेटवला जातो. पळस चिवट आहे, मुळांतून पुन्हा फुटतो, पण दर वर्षी आग लागली तर त्याचं झाड होत नाही. दयाळाची अंडी आणि पिल्लं एप्रिलपासून जुलैपर्यंत झाडाच्या ढोलीत असतात. तेव्हा ढोलीचं झाड तेवढं राहू द्या. फांद्या छाटायच्याच असतील तर दिवाळीनंतर छाटा. पाचोळा पेटवू नका, उकिरड्यावर टाका, त्याचं खत होईल.