मीटरपासून पुढची वायर

मुंबईतल्या माहुलजवळ टाटांचं ट्रॉम्बे वीज केंद्र १९५६ पासून उभं आहे. वीज माहुलकरांच्या उशाशी तयार होते. पण मीटरच्या पुढची वायर ही आपली, आणि तिची जबाबदारीही आपलीच.

तानसा जलवाहिनीलगतची घरं पाडल्यावर अनेक कुटुंबं माहुलच्या वसाहतीत, २२५ चौरस फुटांच्या घरांत आली. एवढ्याशा जागेतही फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर लागतोच, आणि उन्हाळ्यात एसीही येतो. माहुल कोळीवाड्यातल्या जुन्या घरांचं वायरिंग झालं तेव्हा मात्र दोन दिवे, एक पंखा आणि टीव्ही एवढाच लोड धरलेला असायचा. भिंतीतली वायर तीच राहते आणि लोड वाढत जातो.

हिशेब सोपा आहे. उपकरणावर लिहिलेल्या वॉटला २३० ने भागा, म्हणजे अँपिअर मिळतात. ३,००० वॉटचा गिझर सुमारे १३ अँपिअर ओढतो. मीटरपासून गिझर १० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तांबं होतं. ही वायर १ चौरस मिलिमीटरची असेल, तर तिच्यात साठेक वॉट उष्णता तयार होते. अडीचची असेल, तर पंचवीसच्या आसपास. करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. भिंतीतल्या पाइपात ती कोंडते, वायरचं आवरण कडक होतं, तडकतं, आणि मग शॉर्टसर्किट होतं.

घरातल्या तांब्याच्या वायरीचं ढोबळ प्रमाण असं: दिवे-पंख्यांना दीडची वायर आणि त्यावर १० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची आणि १६ चा एमसीबी, एसी किंवा मोठ्या गिझरला चारची आणि २० चा एमसीबी, तीही स्वतंत्र लाइन. एकाच पाइपात बऱ्याच वायरी कोंबल्या असतील किंवा अंतर लांब असेल, तर एक माप वरचं घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमसीबी वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो वारंवार पडतो म्हणून १६ काढून ३२ चा बसवला, तर एमसीबी पडायचं थांबेल, पण वायर तापायची थांबणार नाही. आधी वायर बदला, मगच एमसीबी वाढवा.

वायर घेताना आयएसआय चिन्ह आणि आयएस ६९४ हा क्रमांक पाहा. अर्थिंग आहे ना, हे तपासून घ्या. शरीरातून जमिनीकडे करंट गेला तर पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. आणि काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

नवा गिझर किंवा एसी घरी आणण्याआधी वायरमनला एकच प्रश्न विचारा: या लाइनला वायर कितीची आहे? उत्तर मिळाल्याशिवाय बटण दाबू नका.