लेप्टोची गोळी घेताना
(मासिक बैठकीतलं बोलणं)



आज हिशेबाची वही थोडा वेळ बाजूला ठेवू. पावसाळ्यात आपल्या घराघरात येणाऱ्या एका गोळीबद्दल बोलायचंय.

लेप्टो आपल्याला नवीन नाही. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून त्याचे जंतू पाण्यात, चिखलात उतरतात. पायाला भेग किंवा जखम असली की तिथून ते अंगात शिरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. आपल्या आरेत तर एका बाजूला तबेले, दुसरीकडे पाडे आणि मध्ये चिखलाची वाट. शेण काढायचं, गवत कापायचं, वाडीत भाजी लावायची, म्हणजे पाय ओले होणारच. म्हणून महापालिका सांगते की साचलेल्या पाण्यातून चाललात तर २४ ते ७२ तासांत डॉक्टरांना दाखवा.

तिथे बहुतेक वेळा डॉक्सिसायक्लिन देतात. ही अँटिबायोटिक आहे, साधी तापाची गोळी नाही. गोळी एकदाच घ्यायची, आठवड्याला एक घ्यायची, की रोज घ्यायची, हे डॉक्टर ठरवतात. शेजारणीला एक दिली म्हणून मलाही एकच, असं चालत नाही.

आता घेताना काय सांभाळायचं ते बघू.

पहिलं, आपली सवय चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळायची. ही गोळी चहा-दुधाबरोबर नको. दुधातल्या कॅल्शियममुळे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. दूध, ॲसिडिटीचं औषध आणि लोहाच्या गोळ्या यांच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आपल्यातल्या कितीतरी जणी रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्या घेतात. तेव्हा डॉक्टरांना हे आधी सांगा आणि कुठली गोळी कधी ते विचारून घ्या.

दुसरं, जेवून, मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या. घेतल्यावर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी घशाखाली अडकली तर अन्ननलिकेला जखम होते.

तिसरं, ही गोळी चालू असताना ऊन जास्त भाजतं. कामावर जाताना डोक्यावर पदर, अंगात लांब बाह्यांचा ब्लाऊज किंवा शर्ट असू द्या.

चौथं, गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी स्वतःच्या मनाने कधीच देऊ नका. त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरं औषध देतात. दिवस राहिल्याची नुसती शंका असली, अंगावर पाजत असाल, किंवा आधी कुठल्या औषधाने पुरळ उठलं असेल, तर लाजू नका, सांगून टाका.

पाचवं, गोळी घेतल्यावर अंगावर गांध्या उठल्या, तोंड सुजलं, श्वास लागला तर थांबू नका. १०८ ला फोन करा.

आता पैशाचं बोलू. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढच्या वेळी नवऱ्याला, सासूला दिल्या जातात. त्यात बचत दिसते, पण अर्धवट औषधाने आजार उलटू शकतो. असं होत राहिलं की जंतूही औषधाला सरावतात, मग तीच गोळी चालत नाही आणि महागडं औषध लागतं. सर्दी-पडशाला तर अँटिबायोटिकचा उपयोगच नाही. गोळीच्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसली की समजायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही घ्यायची नाही. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी.

आणि गोळी घेतली म्हणजे लेप्टो होणारच नाही, असंही नाही. ताप, डोकं दुखणं, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं किंवा डोळे पिवळे होणं दिसलं तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात जा. "आज तबेल्याचा खाडा होईल," म्हणून उद्यावर टाकू नका. हातात पैसे नसतील तर गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला औषधांचा डबा बघून यायचं. तारीख संपलेल्या आणि अर्धवट उरलेल्या गोळ्या किती निघाल्या, ते एकमेकींना सांगू. गमबूट एकत्र घ्यायचे का, हा विषयही तेव्हाच ठरावाला ठेवू.