ज्यांनी भोगले, त्यांना समितीत जागा द्या



वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात आत्महत्या प्रतिबंधासारखा विषय ठेवल्याबद्दल प्रथम मी संस्थेच्या कार्यकारिणीचे अभिनंदन करतो. हा विषय बहुधा स्मशानातून परतताना, तोही दबक्या आवाजात बोलला जातो. आज तो आपण सभागृहात, माताभगिनींसमक्ष बोलत आहोत. मी अनेक वर्षे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. त्या अनुभवाच्या आधारे दोन शब्द मांडतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील असून सर्व राज्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. मृतांमध्ये चारांतील एकाहून अधिक जण रोजंदारीवर जगणारे होते. म्हणजे हा प्रश्न बंगल्यातला नसून आपल्या गल्लीतला आहे.

आपल्या वस्तीत आपल्याबरोबर उत्तर प्रदेशातून आलेले मुस्लिम कारागीर आहेत, तमीळ कुटुंबे आहेत, नेपाळी चौकीदार आहेत. दुःख सर्वांचे सारखे, परंतु गप्प बसण्याची कारणे निरनिराळी. मुस्लिम घरात धर्माने निषिद्ध मानलेली गोष्ट म्हणून तोंड उघडत नाही. परप्रांतीय कामगार गावी दरमहा पैसे पाठवतो, त्यामुळे हरल्याची बातमी तो पाठवू शकत नाही. मुलगी असेल तर लग्न जमणार नाही, ही भीती. आणि आपल्या घरात? "आपण बाबासाहेबांची लेकरे, आपण खचायचे नसते," असे आपण शिकणाऱ्या मुलांना सांगतो. सांगण्यामागे प्रेमच असते. परंतु खचलेल्या मुलाला त्यातून एवढेच ऐकू येते, की आपली व्यथा या घरात सांगण्याजोगी नाही.

त्यात कायद्याची भीती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली हे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये तेच म्हटले, परंतु १९९६ मध्ये घटनापीठाने ते पुन्हा वैध ठरविले. पुढे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याने असा माणूस तीव्र मानसिक तणावाखाली होता असे गृहीत धरले आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरविली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा आजही गुन्हा आहे. तरीसुद्धा रुग्णालयात आणल्यावर "चुकून झाले" असे लिहून घ्या म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. खरे कारण लपले की खरी मदतही चुकते.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत एक प्रयोग केला. भारतातील केंद्र चेन्नई होते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेले १,८६७ जण त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. इतरांशी त्याखेरीज घरी जाण्याच्या सुमारास तासभर सविस्तर बोलणे झाले, आणि पुढे दीड वर्षात नऊ वेळा फोन करून अथवा घरी जाऊन विचारपूस झाली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत दीड वर्षात शेकडा २.२ जणांनी आत्महत्या केली, तर विचारपूस झालेल्यांत हे प्रमाण शेकडा ०.२ होते. पाच देश, निरनिराळ्या भाषा, निरनिराळे धर्म. तरी "कसा आहेस?" हे विचारणे उपयोगी पडले.

ही विचारपूस वस्तीत कोण करील? माझे स्पष्ट मत आहे, की ज्यांनी हे भोगले त्यांना त्यात पुढाकार मिळाला पाहिजे. जे त्या टोकावरून परतले, ज्यांनी घरातला माणूस गमावला, त्यांना कोणता शब्द लागतो आणि कोणता आधार देतो हे ठाऊक असते. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांचा २०१६ मध्ये आणि मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांचा २०१९ मध्ये मृत्यू झाला. एक आई तेलुगू भाषिक, दुसरी जळगावकडची तडवी समाजातील. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघींनी २०१९ साली एकत्र सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, ती उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद थांबावा म्हणून. भाषा आणि समाज वेगळे असूनही दुःखाने त्यांना एका अर्जावर आणले. त्यांच्या मागणीतून हेही दिसते, की नुसता धीर देऊन भागत नाही. अपमान, कर्ज, बेकारी, घरातील मारहाण ही कारणेही हटवावी लागतात.

म्हणून संस्थेपुढे मी चार सूचना ठेवतो. पहिली, वस्तीतील प्रत्येक समाजाचा एक माणूस घेऊन समिती नेमावी आणि तिच्यात अनुभव घेतलेले किमान दोघे असावेत. त्यांना सत्कारासाठी स्टेजवर उभे करू नये, निर्णयाच्या बैठकीत बसवावे. कोणी बोलायला तयार नसेल तर आग्रह धरू नये. दुसरी, रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाकडे त्याच्या संमतीने, त्याच्या भाषेत बोलणारा सोबती नियमित जावा. तिसरी, शंका आल्यास सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने विचार मनात शिरतो हा गैरसमज आहे. उत्तर "होय" आले तर त्या माणसाला एकटे न सोडता डॉक्टरांकडे न्यावे. चौथी, शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहावा. ही सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठी, हिंदी, तमीळसह अनेक भाषांतून मिळते.

या सभागृहातही आज कोणी हे ओझे घेऊन बसले असेल. त्यांना माझी विनंती आहे, की कार्यक्रम संपल्यावर घाईने जाऊ नका. मी आणि कार्यकर्ते येथेच थांबणार आहोत.

जयभीम.