सोव्हिएत सर्किट बोर्डाची बाराखडी

१९८०च्या आसपासचा सोव्हिएत सर्किट बोर्ड पहिल्यांदा हातात घेणारा माणूस अडतो तो अक्षरांपाशी. आयसीवर इंग्रजी डोळ्यांना 'पी' आणि 'वाय' दिसतात, पण रशियन लिपीत तो 'रू' असतो आणि 'रू' म्हणजे रॅम. 'बी'सारखे दिसणारे अक्षर 'व', 'एच'सारखे 'न' आणि 'सी'सारखे 'स'. ही चार-पाच सोंगे एकदा ओळखली की उरलेला बोर्ड बऱ्यापैकी स्वतःच बोलू लागतो.

याचे कारण सरकारी शिस्तीत आहे. पश्चिमेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स किंवा फेअरचाइल्डसारख्या कंपन्या आपापल्या मर्जीने क्रमांक देत. ७४१ हा ऑपरेशनल अँप्लिफायर आहे, हे त्या आकड्यावरून कुणालाही कळणार नाही. सोव्हिएत संघात नाव ठरवायचे ते राज्याच्या मानकाने, म्हणजे 'गोस्त'ने. त्यामुळे त्याच ७४१ची सोव्हिएत जोड के१४०ऊद७ आपले काम नावातच सांगते: 'ऊद' म्हणजे ऑपरेशनल अँप्लिफायर.

सर्वांत ओळखीचा नमुना म्हणजे के१५५ला३. सुरुवातीचा 'के' म्हणजे सर्वसाधारण वापराचा माल. पुढच्या १५५ मधला १ सांगतो की सगळे सर्किट एकाच सिलिकॉन तुकड्यावर आहे. तिथे २ असता तर ते हायब्रिड ठरले असते. 'ला' म्हणजे नँड गेट आणि शेवटचा ३ म्हणजे त्यातला प्रकार. ही अमेरिकन ७४००ची प्रतिकृती. सातव्या पायाला ग्राउंड, चौदाव्याला पाच व्होल्ट. संशय असेल तर मल्टीमीटर लावून बघावे. त्याच कुळातला, पण 'के' नसलेला १३३ला३ चपट्या बांधणीत येतो. तो लष्करी दर्जाचा. आयसीवर समभुज चौकोनाची खूण असली तर तीही लष्करी तपासणीचीच.

केआर५८०वीएम८०ए हा इंटेल ८०८० या प्रोसेसरचा भाऊ. 'रादिओ' मासिकाने १९८६मध्ये घरी जुळवण्याचा 'रादिओ-८६आरके' हा संगणक छापला, तो याच प्रोसेसरवर आणि अवघ्या २९ आयसींत. लोकांची खरी दमछाक मात्र पडद्यावर अक्षरे उमटवणाऱ्या 'वीजी७५' चिपसाठी होई, कारण ती सहज मिळत नसे.

ट्रान्झिस्टरांत एक गंमत आहे. इथला 'के' सर्वसाधारण वापराचा नव्हे, सिलिकॉनचा! जर्मेनियमसाठी 'ग', गॅलियम आर्सेनाइडसाठी 'आ'. केटी३१५ हा त्या काळचा सर्वव्यापी प्राणी: चपटा, बहुधा नारिंगी, तीन पट्टीसारखे पाय आणि मधला पाय कलेक्टरचा. बेस मध्ये असेल असे गृहीत धरणाऱ्याने इथे सावध राहावे. आकड्यातला ३ म्हणजे कमी शक्ती, उच्च वारंवारता. त्याचा पीएनपी जोडीदार केटी३६१ हुबेहूब तसाच दिसतो. अंगावर पूर्ण नाव नसून एकच अक्षर छापलेले असेल, तर ते कुठे आहे ते बघायचे: डाव्या कडेला असेल तर ३१५, मध्यभागी असेल तर ३६१. एवढ्याशा फरकावर दोन विरुद्ध ध्रुवीयतेचे भाग ओळखायची ही व्यवस्था ज्याने मंजूर केली, त्याची नजर नक्कीच तीक्ष्ण असणार.

एमपी४२ किंवा डी९ अशी नावे दिसली की समजावे, हे जुन्या नामपद्धतीतले आहेत. त्यांना वरचे व्याकरण लागू नाही.

रेझिस्टर बहुतेक 'एमएलटी' जातीचे, लाखेचा थर चढवलेले. रंगपट्ट्यांऐवजी मूल्य सरळ लिहिलेले असते आणि दशांश चिन्हाच्या जागी अक्षर बसते: ४के७ म्हणजे ४.७ किलोओहम, के४७ म्हणजे ४७० ओहम. पुढे उलट्या 'एन'सारखे 'इ' असेल तर फरक पाच टक्के, 'स' असेल तर दहा टक्के. सिरॅमिक कंडेन्सरवरचे 'न९०' वाचून मात्र ९० नॅनोफॅरड समजू नये; तो तापमानाने होणाऱ्या बदलाचा गट आहे. तसेच आयसीवरचा '८८०७' हा बहुधा भाग क्रमांक नसून १९८८मधली तारीख असतो.

'केएम' जातीचे हिरवे आणि नारिंगी कंडेन्सर जुन्या बोर्डांवर अनेकदा गायबच असतात. त्यांत पॅलॅडियम आणि प्लॅटिनम असते, आणि भंगारवाल्यांना ते संग्राहकांच्या आधी कळले. रिकामी भोके बघून तिथे काय होते, ते शेजारच्या भागांवरून ताडावे लागते.

शेवटी बदली भाग बसवणाऱ्यांसाठी एक सूचना. सोव्हिएत आयसीच्या पायांमधले अंतर २.५ मिलिमीटर, अमेरिकनचे २.५४. चौदा पायांच्या चिपला हे जाणवत नाही. चाळीस पायांच्या चिपमध्ये मात्र एका बाजूला १९ अंतरे जमतात आणि तूट पाऊण मिलिमीटरपर्यंत जाते. सोव्हिएत प्रोसेसर अमेरिकन सॉकेटमध्ये घालताना तो जोराने दाबू नये. मधले पाय आधी बसवून कडेचे हळूहळू बाहेर वळवत न्यावेत.