कोऱ्या वहीचा अर्थ

(हॉटेलांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या सुरक्षिततेविषयी कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. मी एका हॉटेलच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. पहिल्या वर्षी वार्षिक अहवाल समोर आला. 'तक्रारी : शून्य.' व्यवस्थापक खुशीत होते. मीही सही केली आणि चहा पिऊन घरी आले.

दुसऱ्या वर्षी तळघरात, चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत, सफाईच्या बायकांबरोबर डबा खायला बसले. तासाभरात जे ऐकलं, त्यातलं एक अक्षरही वहीत नव्हतं. एकीसमोर पाहुणा मुद्दाम उघडा उभा राहिला होता. दुसरी आत असताना पाहुणा दार लावू लागला, तेव्हा दारात ट्रॉली घालून ती निसटली होती. सुपरवायझर म्हणाला, "पाहुणा उद्या जाणारच आहे, वाढवू नकोस." चार दिवसांनी ठेकेदारानं तिची पाळी बदलली आणि महिन्याभरात तिनं काम सोडलं. बाकीच्यांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. वही कोरी राहिली ती अशी.

सुरक्षितता म्हटलं की हॉटेलवाले आपल्याला आग विझवायची साधनं दाखवतात. ती हवीतच. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसं गेली. पण खोली साफ करणारी बाई बंद दाराआड, एकटी, परक्या माणसाच्या बिछान्याशी काम करते. जड गाद्या उचलून तिची कंबर जाते. संडासाचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र झालं की क्लोरीन वायू निघतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. हे सगळं सुरक्षिततेच्या वहीत कधी येणार?

२०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा इथं पुष्कळ कामाचा आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवीच; त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ठेकेदाराची बाईसुद्धा या कायद्यात कामगारच आहे. आणि छळणारा पाहुणा असला, तरी मालकाला हात झटकता येत नाहीत. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं, बाईची इच्छा असेल तर पोलिसांत तक्रार करायला मदत करणं, ही त्याची जबाबदारी आहे.

संघटना असली तर काय होतं, तेही पाहा. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली हॉटेलची खोली साफ करायला गेलेल्या एका बाईनं एका बड्या आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फौजदारी खटला पुढे मागे घेतला गेला. पण तिथल्या हॉटेल कामगार संघटनेनं २०१२ च्या करारात खोल्या साफ करणाऱ्यांसाठी अंगावर बाळगायचं, मदत बोलावण्याचं बटण मिळवलं. २०१७ मध्ये शिकागो शहरानं तर तसा नियमच केला.

आपण काय मागायचं? पाहुणा आत असताना खोली साफ करायची सक्ती नको. वाईट अनुभव आला, तर त्या खोलीत पुन्हा न जाण्याचा हक्क हवा, पगार न कापता. मदतीचं बटण हवं. एका पाळीत किती खोल्या, हे बायकांशी बोलून ठरावं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत वाहन देण्याची अट आहे. ती पाळली जावी. आणि समितीत खोल्या साफ करणारी एक तरी बाई बसावी. धोका कुठल्या मजल्यावर, कुठल्या वेळी असतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आणि आपल्यासाठी एक गोष्ट. आपल्यापैकी अनेकजणी अशा समित्यांवर 'बाहेरच्या सदस्य' आहेत. व्यवस्थापकाच्या खोलीत बसून सही करू नका. आधी तळघरात जा. सुपरवायझर नसताना बसा. "तक्रार आहे का?" असं विचारू नका, कुणी हो म्हणणार नाही. "कुठल्या खोलीत जायची भीती वाटते?" असं विचारा.

ट्रॉली घालून निसटलेल्या त्या बाईला मी शोधून काढलं. कायद्यानं तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मी तिच्या दारात पोचले तेव्हा आठ महिने उलटले होते. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही तेव्हा आला होतात ना हॉटेलात? आम्ही वरून गाडी पाहिली होती."

ती वही माझ्याही सहीनं कोरी राहिली होती. तुमच्या सहीनं राहू देऊ नका.