प्रौढांच्या इंग्रजी वर्गातील विषम पातळी



रात्रीच्या प्रौढवर्गात इंग्रजी शिकावयास येणारी मंडळी एकाच पातळीची क्वचितच असतात. कोणी शालान्त परीक्षेपर्यंत शिकलेला असतो; कोणास मराठी वाचता येते, परंतु रोमन लिपी अपरिचित असते; कोणाची अक्षरओळखच नुकती झालेली असते. या सर्वांकडून एकच पाठांतर करवून घेतले, तर जाणता कंटाळतो आणि नवखा संकोचतो. मूल धाकाने तरी शाळेत येते. प्रौढ एकदा लाजला की दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि न येण्याचे कारणही सांगत नाही.

यावर वर्गाची तीन शकले करणे हा उपाय नव्हे. पाठ एकच असावा. काम मात्र ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे द्यावे. उदाहरणार्थ, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी घ्यावी. मुदत संपण्याचा महिना व वर्ष तीवर छापलेले असते. नवख्याने 'ई, एक्स, पी' ही अक्षरे व त्यांपुढील अंक शोधावेत. ज्यास अक्षरे येतात त्याने महिन्यांची संक्षिप्त रूपे वाचावीत. जून व जुलै यांची पहिली दोन अक्षरे सारखीच असल्याने तिसरे अक्षर पाहिल्यावाचून भेद कळत नाही. मार्च व मे यांचेही तसेच. जाणत्याने औषध कसे ठेवावे याविषयीची सूचना वाचून तिचा अर्थ मराठीत सर्वांस सांगावा. अशा रीतीने प्रत्येकाच्या हातून पाठाचा काही भाग पुरा होतो.

शब्दांची निवडही विचारपूर्वक व्हावी. बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० उपयुक्त इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. ग्रामीण प्रौढासाठी आरंभ याहूनही जवळून करता येतो. तिकीट, बँक, डॉक्टर, स्टेशन, मोबाईल हे शब्द त्याच्या तोंडी आधीच आहेत. अर्थ ठाऊक असल्याने केवळ त्यांचे लिखित रूप शिकावयाचे उरते.

काही अडचणी मात्र सर्वांस समान असतात. 'व्ही' व 'डब्ल्यू' या दोहोंस मराठी माणूस 'व' असाच उच्चार देतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येते. 'टेबलावर' यातील 'वर' नामानंतर लागते. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी ठेवावा लागतो. या गोष्टी फळ्यावर सर्वांना मिळून शिकवाव्यात. येथे जाणताही चुकतो, हे नवख्यास दिसले म्हणजे त्याची भीड चेपते.

जाणत्यास मदतनीस अवश्य करावे, परंतु दुसऱ्याची चूक हसण्यावारी नेण्याची मुभा त्यास देऊ नये. किती धडे संपले याची नोंद शिक्षकाने ठेवावीच. तिच्याशेजारी, घरातील औषधाची मुदत कोणास न विचारता किती जणांनी वाचली, हेही लिहून ठेवावे.