आपल्या घरात पहिली पाटी कोणी धरली?



तुमच्या घरात पहिले अक्षर कोणी गिरवले? आजोबांचे सांगाल. पण आजी शाळेत गेली होती का? इथे सारे गप्प बसतात.

याचा शोध घेता येतो. जनगणना, म्हणजे शिरगणती, तुम्हांला ठाऊक आहे. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी देशातली माणसे मोजली. लिहिता-वाचता येते का, हेही विचारले. १९५१ साली शंभर बायांत ९ सुद्धा साक्षर नव्हत्या. २०११ साली शंभरांत सुमारे ६५ झाल्या. जनगणनेच्या जिल्हा पुस्तकांत गावागणिक आकडे मिळतात. पण कोणत्या घरी काय लिहून घेतले, ते कोणाला दाखवत नाहीत. १९४८ च्या कायद्याने ते गुप्त ठेवले आहे.

म्हणजे आकडा तिथे सापडतो. नाव मात्र शाळेत शोधावे. शाळेच्या जनरल रजिस्टरात नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि कारण लिहिलेले असते. बाईमाणसाचा शोध माहेरच्या गावी, माहेरच्या नावाने घ्यावा. जन्मतारीख मात्र डोळे झाकून खरी मानू नका. जन्माची नोंद नसली की आम्ही मास्तर लोक १ जून लिहून मोकळे होत असू. ती चूक आमची.

आमच्या वर्गात साठीच्या एक बाई येतात. "आमच्यात कुणी बाई शाळेत गेलीच नाही," असे त्या म्हणत. त्यांच्या आजोळच्या शाळेत आम्ही त्यांच्याकडून अर्ज करविला. जुन्या रजिस्टरात त्यांच्या आईचे नाव निघाले. बाईंनी बोट ठेवून ते स्वतः वाचले. पहिलीत दाखल. चार महिन्यांनी नाव कमी. कारण, घरकाम. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गुरुजी, आईनं पाटी धरली होती तर!"

आता तुमचे काम. जनगणनेचा माणूस दारी येईल. घरातले कोणी सवयीने सांगेल, "ही अडाणी हाय." तेव्हा मागे उभ्या राहू नका. सात वर्षांवरच्या ज्याला समजून वाचता येते आणि लिहिताही येते, तो साक्षर. नुसते वाचता येऊन भागत नाही. पुढे व्हा आणि सांगा, "मला लिहिता-वाचता येतं." ते खरे ठरेल एवढा अभ्यास मात्र करा.